उसाच्या विनालाइट ट्रॉलीला मागून धडक : चूक फक्त मोटारसायकलवाल्याचीच का?

बोरगावकर

नमस्कार मंडळी. शेजारच्या घरातली बाब आहे, जाणकारांनी नीट सांगावं ही विनंती.

जानेवारीत रात्री पावणेआठच्या सुमारास निपाणी-चिकोडी रस्त्यावर मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॅक्टर एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगचा, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं म्हणून ती डांबरावरच उभी होती. लाइट नाही, त्रिकोण नाही, फक्त चाकाला दगड लावलेले. चालवणारा जागीच गेला. वय ३४, गवंडीकाम करायचा. घरी बायको, दोन लहान मुलं आणि आई. मागे बसलेल्या चुलतभावाचं मांडीचं हाड मोडलंय. मोटारसायकल मयताच्याच नावावर आहे.

फिर्याद ट्रॅक्टरवाल्याची घेतली गेली, त्यामुळे एफआयआर मयतावरच: 'भरधाव व निष्काळजीपणे येऊन उभ्या ट्रॉलीस धडक दिली'. ट्रॉली चार दिवसांत सुटली आणि परत कारखान्याच्या फेऱ्या मारतेय. गावात जो तो म्हणतोय, मागून ठोकलं की केस संपली. खरंच तसं आहे का? मागे बसलेल्याला तरी काही मिळेल का? आणि आत्ता हातात काय घ्यायला पाहिजे?

वकील_चिकोडी

बोरगावकर, 'मागून ठोकलं की केस संपली' असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. मागच्याने थांबता येईल एवढं अंतर ठेवायचं, हा नियम आहे आणि विमा कंपनीचे वकील त्यासाठी निशान सिंग (२०१८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. पण तो चालत्या ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवरून कार चालवण्याबद्दलचा आहे. अंधारात, दिव्याविना डांबरावर उभ्या असलेल्या वाहनाला तो लावायचा तर ते वाहन मागच्याला वेळेत दिसत होतं हे आधी दाखवावं लागेल.

तुमच्या बाजूचा निकाल अर्चित सैनी विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०१८). गॅसचा टँकर रात्री रस्त्यात उभा, पार्किंग लाइट बंद, समोरच्या गाड्यांच्या झोतात कारचालकाला तो दिसला नाही. उच्च न्यायालयाने दोघांची निम्मी-निम्मी चूक धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करून सगळी जबाबदारी टँकरवर टाकली. मात्र तिथं डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार उभा राहिला होता आणि उलटतपासणीत टिकला होता. निकालाची प्रत जोडली आणि साक्षीदारच नसला, तर त्याचा उपयोग निम्माही होत नाही.

कलमं सोपी आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ : इतरांना धोका होईल अशा जागी वाहन सोडणं. केंद्रीय नियम १०९ : रस्त्यावर उभ्या वाहनाचेही पार्किंग लाइट चालू हवेत. नियम १०५ : सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लागले पाहिजेत आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. 'ट्रॉली म्हणजे गाडी नव्हे' असं कुणी म्हणालं तर व्याख्या दाखवा. ट्रेलरही कायद्याने मोटार वाहनच आहे. जानेवारीत आपल्याकडे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा पावणेआठला पूर्ण अंधार. त्यावर वाद होणार नाही.

आता महत्त्वाचं. मयताचा क्लेम आणि मागे बसलेल्याचा क्लेम या दोन वेगळ्या केसेस आहेत, त्यांना एका मापाने मोजू देऊ नका.

मागे बसलेल्याने गाडी चालवलेली नाही. त्याच्या दृष्टीने दोन वाहनांनी मिळून केलेलं नुकसान, म्हणजे संयुक्त निष्काळजीपणा. खेनेई विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स (२०१५) प्रमाणे तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. नंतर आपापसात वाटणी कशी करायची ते त्यांनी बघावं. २०२४ चा सुषमा निकाल तर आपल्या कर्नाटकातल्या प्रकरणातलाच आहे. दिवे न लावता हायवेवर सोडलेला ट्रक, त्यावर आदळलेली कार, आणि कारचालकाची चूक म्हणून प्रवाशांची निम्मी भरपाई उच्च न्यायालयाने कापलेली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही, आणि मुळात तिथं चालकाची चूकही सिद्ध नव्हती.

मयताच्या वारसांची रक्कम मात्र त्याच्या चुकीच्या टक्क्यांएवढी कमी होते. टक्क्यांचा ठरलेला दर नाही, पुरावा बघून ठरतात. एकेका टक्क्याची किंमत कळावी म्हणून हिशेब मांडतो. महिन्याची कमाई १५,००० धरा. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा, म्हणून प्रणय सेठी (२०१७) या निकालाप्रमाणे पुढच्या कमाईची ४० टक्के वाढ : २१,०००. अवलंबून चौघं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयावरून ठरणारा गुणक ३४ ला १६ : ३०,२४,०००. वर अंत्यविधी आणि इस्टेटीचे प्रत्येकी १८,१५०, आणि चौघांना सहवास हरवल्याचे प्रत्येकी ४८,४००. एकूण ३२,५३,९००. मयताची ३० टक्के चूक धरली तर हातात २२,७७,७३०. ५० टक्के धरली तर १६,२६,९५०. दर दहा टक्क्यांमागे सव्वातीन लाख जातात. म्हणून दिव्यांचा पुरावा गोळा करण्यात हयगय नको.

एफआयआर मयतावर आहे म्हणून खचू नका. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, म्हणजे ट्रिब्युनलला, एफआयआर बंधनकारक नाही. शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढंच तिथं बघतात. अंशतः चूक तुमच्या माणसाची होती हे विमा कंपनीने सांगायचं आणि तिनेच सिद्ध करायचं. ट्रॅक्टरचालकाला तिने पिंजऱ्यात उभं केलं नाही तर तो मुद्दा जोरात मांडता येतो. नुसता स्थळाचा नकाशा बघून अंशतः चूक ठरवता येत नाही, हे जीजू कुरुविला (२०१३) मध्ये स्पष्ट आहे. पण पोलिसांनी मयतावर केलेलं चार्जशीट तुम्हीच ट्रिब्युनलपुढे दाखल केलंत आणि त्या चार्जशीटविरुद्ध अवाक्षर काढलं नाहीत, तर ते तुमच्याच गळ्यात येतं. म्हणून जखमी भावाचा आणि साक्षीदाराचा जबाब पोलिसांकडे लेखी द्या. घेतला नाही तर एसपींना रजिस्टर पोस्टाने, आणि तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

क्लेम लावायची मुदत : अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. 'आधी पोलीस केसचा निकाल लागू दे' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

रायबागचा वायरमन

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी ट्रॉलीचं सांगतो. कोर्टात 'लाइट चालू होता' एवढं म्हणून सुटका होऊ नये.

दोन ट्रॉल्यांच्या गाडीत मागची ट्रॉली का अंधारात असते ते समजून घ्या. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनचं सॉकेट असतंय. तिथून पहिल्या ट्रॉलीला केबल, पहिलीच्या मागून दुसरीला आणखी एक केबल लागते. ही दुसरी केबल बहुतेकदा नसतेच, नाहीतर उसाच्या ओझ्याखाली रगडून तुटलेली असते. केबल असली तरी पुष्कळ जण एकच वायर ओढतात आणि अर्थिंग हुकाच्या पिनेतून घेतात. पिनेला ग्रीस आणि गंज, वर खड्ड्यात ती हलते, म्हणजे अर्थ सुटला की दिवा गेला. ड्रायव्हर म्हणतो 'सकाळी लागत होता', आणि ते खरंही असतंय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. टायर फुटल्यावर ट्रॅक्टर सोडवून चाक आणायला नेला, तर मागे राहिलेल्या ट्रॉलीचा दिवा लागणं शक्यच नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा : धडक झाली तेव्हा ट्रॅक्टर जोडलेला होता का? पंचनाम्यात ट्रॅक्टर कुठं होता, हुकाची पिन लागलेली होती का, ते बघा. ट्रॅक्टर नव्हता म्हणून लिहिलं असेल तर 'पार्किंग लाइट चालू होते' ही गोष्ट तिथंच संपली.

आता मागच्या माणसाला किती वेळ मिळतो ते बघा. ६० च्या वेगाने मोटारसायकल सेकंदाला १६.७ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३-२४ मीटर. झाले ४९. डिपरवर (हेडलाइटचा झोत खाली असताना) न चमकणारी काळपट वस्तू ३०-४० मीटरवरच कळते. म्हणजे ६० ला धडक जवळपास ठरलेली. ४० च्या वेगाला हेच अंतर २७ मीटरच्या आसपास येतं, तिथं माणूस वाचतो. विमा कंपनी नेमकं हेच धरून म्हणणार की प्रकाशाच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग हवा होता. त्यात तथ्य आहे, म्हणून वेगाचा पुरावा काय ते बघायला पाहिजे. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा होत्या का, किती लांब, मोटारसायकलचा पुढचा काटा किती मागे गेलाय. पण दुसरी बाजूही मांडा. नियमाप्रमाणे लाल दिवा असता तर १५५ मीटरवरून दिसला असता, म्हणजे लागणाऱ्या अंतराच्या तिप्पट. समोरून गाडी येत असेल तर डोळे दिपतात आणि ३०-४० मीटरही राहत नाहीत.

मोटारसायकलचा हेडलाइट बंद होता असंही म्हणतील. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहतो, बंद करायचं बटणच नाही. आरसीवर बनावटीचा महिना बघून घ्या. त्याआधीची असेल आणि बल्ब फिलामेंटचा असेल तर बल्ब फेकू देऊ नका. जळत असताना दणका बसला तर तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते, आणि काच फुटली असेल तर तारेवर पांढरट-पिवळसर राख बसते. बंद बल्बची तार चकचकीत राहते, तुटली तरी काटकन तुटते. ट्रॉलीच्या मागच्या बल्बलाही हेच लागू. एलईडीला यातलं काहीच दिसत नाही.

विमावाला_बेळगाव

दोन गोष्टी राहिल्या, आणि त्यात मोठी रक्कम अडकलेली असते.

पहिली, मयताच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी उघडून बघा. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असतो. गाडी त्याच्या नावावर, तोच चालवत होता, लायसन्स चालू होतं आणि या विम्याचा हप्ता भरलेला होता, तर चूक कुणाचीही असो, वारसांना १५ लाख मिळतात. यात टक्केवारीचा प्रश्नच येत नाही, आणि ट्रिब्युनलच्या केसशी याचा संबंध नाही. हप्त्याच्या रकान्यात ही ओळ शोधा. स्वस्तात पॉलिसी करून देणारे ती कापून टाकतात. कंपनीला लेखी कळवायला उशीर करू नका. गाडी दुसऱ्याची उसनी आणलेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. इलकलहून निघालेल्या, उसनी मोटारसायकल बैलगाडीवर आदळलेल्या माणसाच्या प्रकरणात (निंगम्मा, २००९) सर्वोच्च न्यायालयाने गाडी उसनी नेणाऱ्याला मालकाच्याच जागी धरलं, आणि चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई नाकारली.

दुसरी, ट्रॅक्टरची एक पॉलिसी आणि ट्रॉल्यांचा विमा वेगळा. ट्रॉलीला स्वतंत्र रजिस्ट्रेशन नंबर असतो. एफआयआरमध्ये फक्त ट्रॅक्टरचा नंबर लिहिला जातो आणि आदळलेल्या ट्रॉलीचा नंबर कुठंच येत नाही. मग कंपनी म्हणते, ही ट्रॉली आमच्याकडे नाही. तिन्ही नंबर मिळवा, परिवहनच्या साइटवर विम्याची तारीख बघा, स्क्रीनशॉट ठेवा. ट्रॅक्टर 'शेतीकामासाठी' म्हणून विमा काढलेला आणि भाड्याने ऊस ओढणारा असेल, तर कंपनी अटभंगाचा मुद्दा काढणारच. म्हणून मालकालाही पक्षकार करा. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, 'मी विकलाय' चालत नाही.

आणि कंपनीकडून कलम १६४ खाली पाच लाखांचा प्रस्ताव आला तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. त्यात चूक सिद्ध करावी लागत नाही हे खरं, पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ ची, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायची, केस बाद होते. वर वकीलसाहेबांनी मांडलेला हिशेब बघा, अगदी निम्मी चूक धरली तरी सोळा लाख होतात.

जखमी भावाने मोटारसायकलच्या विम्यावर विसंबू नये. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेला त्यात येत नाही. त्याचा क्लेम ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच लावा.

बोरगावकर

फार उपकार झाले सगळ्यांचे. पॉलिसी बघितली, १५ लाखांची ओळ आहे. ट्रॅक्टर जोडलेला होता की नव्हता ते पंचनाम्यात लिहिलेलं नाही, पण रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवाल्याने बघितलंय. तो पोलिसांचं नाव काढलं की मागे सरतो. आणखी तीन शंका. मयताच्या बायकोचं माहेर कागलला, ती आता तिथंच राहतेय. केस कोल्हापूरला लावता येईल का? हेल्मेट नव्हतं, त्याचं काय होईल? आणि ट्रॅक्टरमालकाची माणसं दोन लाख देऊन बॉण्डवर सह्या मागतायत.

वकील_चिकोडी

बॉण्डवर सही अजिबात नको. दोन लाखांत तडजोड असं लिहून घेतलं की पुढे प्रत्येक ठिकाणी तो कागद काढला जातो. माणुसकीने अंत्यविधीला मदत दिली असेल तर ती घ्यावी, पण पावतीवर 'क्लेमच्या हक्काला बाधा न येता' एवढं लिहून.

कोल्हापूरला केस लावता येते. अपघात झाला ते ठिकाण, अर्जदार राहतो ते ठिकाण किंवा समोरचा राहतो ते ठिकाण, तिन्हींपैकी कुठंही. मालक एमएच-०९ चा असल्याने समन्सही तिकडं लवकर बजावलं जाईल. फक्त एफआयआर, पंचनामा, चार्जशीट सगळं कन्नडमध्ये असणार, त्याचं प्रमाणित भाषांतर करून जोडावं लागेल, आणि तपास अधिकाऱ्याला साक्षीला इकडून तिकडं बोलवावं लागेल. साक्षीदार टपरीवाला इकडचा असेल तर माझ्या मते चिकोडीच बरी. अपील मात्र इकडचं धारवाड खंडपीठात आणि तिकडचं कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाईल, तेही लक्षात घ्या. दोघांच्या केसेस एकाच ट्रिब्युनलसमोर चालवा, नाहीतर एकाच अपघातावर दोन वेगळे निष्कर्ष येतात.

हेल्मेटवरून कंपनी कपात मागेल. मोहम्मद सिद्दीक (२०२०) मध्ये दुचाकीवर तिघं बसले होते तरी न्यायालयाने विचारलं की या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली का. तोच प्रश्न इथं. पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यू छातीच्या मारामुळे असेल तर हेल्मेटचा मुद्दा उडतो. डोक्याच्या मारामुळे असेल तर थोडी कपात होऊ शकते. भावाच्या मांडीच्या हाडाशी हेल्मेटचा संबंध नाही.

टपरीवाल्याला सांगा, जखमींना मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायला त्याला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. साक्ष मात्र स्वखुशीने द्यावी लागेल, ती तुमच्या समजावण्यावर आहे. त्याला तीनच गोष्टी विचारा : ट्रॉली किती वेळ उभी होती, ट्रॅक्टर जोडलेला होता का, मागे काही दिवा किंवा चमकणारी पट्टी होती का. वेळेला जोड म्हणून कारखान्याच्या काट्यावरची त्या दिवसाची नोंद ट्रिब्युनलमार्फत मागवा. आधीची खेप किती वाजता खाली झाली आणि ही कधी अपेक्षित होती ते त्यावरून निघतं.

आणखी एक, आजच करा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो. त्यांच्या प्रती मागा. त्याबरोबर स्थळाचे मूळ फोटो आणि आयएमव्ही (मोटार वाहन निरीक्षक) रिपोर्ट. त्या रिपोर्टात बहुधा ब्रेक आणि मोडतोडीबद्दलच लिहितात. मागचे दिवे 'नव्हते', 'होते पण बंद' की 'मोडल्यामुळे तपासता आले नाहीत', यातलं काय लिहिलंय ते शब्दशः बघा. पंचनाम्यात डांबराच्या कडेपासून ट्रॉलीच्या उजव्या मागच्या चाकापर्यंतचं अंतर लिहिलेलं हवं. सात मीटरच्या रस्त्यावर एक लेन साडेतीन मीटरची. अख्खी ट्रॉली डांबरावर असेल तर लेन बंद, यावर मग बोलायला जागा राहत नाही.

अथणी_ऊसवाहतूक

आमच्या स्वतःच्या तीन जोड्या चालतात. वाचून काळजी वाटली, कारण हे कुठल्याही ट्रॉलीबाबत होऊ शकतं. आम्ही उसावर मागे लाल चमकीचं कापड बांधतो. ते पुरेसं आहे का? आणि टायर फुटलं तर नेमकं काय करायचं?

रायबागचा वायरमन

कापड पुरेसं नाही, मालक. उसाच्या वर आठ फुटांवर बांधलेल्या कापडावर मोटारसायकलच्या डिपरचा उजेड फारसा पोचत नाही, डिपरचा झोत खाली मारलेला असतो. चमक गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत पाहिजे. अडचण अशी की तिथंच उसाचे वाढे (शेंड्याची पानं) लोंबतात आणि फळीवरची पट्टी झाकून टाकतात. म्हणून पट्टी फळीवर न लावता वेगळ्या पत्र्यावर लावा आणि तो पत्रा दोन साखळ्यांनी उसाच्या टोकाच्याही मागे लोंबता ठेवा. पट्टी ५० मिलिमीटर रुंदीची, एआयएस-०९० (चमकपट्टीचं मानक) छापलेली घ्या, मागे लाल, बाजूंना पिवळी. बाजारातली साधी रेडियम चिकटपट्टी धुळीत आणि उन्हात एका हंगामात मरते. रोज भरणी झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायची.

दिव्यासाठी दोन ट्रॉल्यांमध्ये स्वतंत्र अर्थ वायर ओढा, पिनेवर भरवसा नको. मागच्या ट्रॉलीला मोटारसायकलची ७ अँपिअर-अवरची जुनी पण चांगली बॅटरी पेटीत बसवा, तिच्यावर दोन एलईडी लाल दिवे आणि एक स्विच. दोन्ही मिळून अर्ध्या अँपिअरच्या आत ओढतात, ट्रॅक्टर नसला तरी रात्र निघते.

टायर फुटलं तर जमेल तेवढं ओढून डांबराच्या खाली घ्या. रिम खराब झाली तरी चालेल. ट्रॅक्टर न्यायचाच असेल तर आधी बॅटरीचे दिवे लावा आणि एक माणूस टॉर्च घेऊन मागे थांबवा. त्रिकोण ट्रॉलीला टेकवून ठेवतात, त्याचा उपयोग होत नाही. मागे किमान ५० मीटर, म्हणजे सत्तरेक पावलं जाऊन ठेवा, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. निघताना चाकाखालचे दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका, रात्री त्यावरही दुचाकी घसरते.